घाम कुठं गेला?

निरोगी माणसं. मधुमेह नाही, कसलं औषध नाही. त्यांना एका दुपारी प्रयोगशाळेत खाटेवर निजवलं, शिरेतून इन्सुलिन सोडलं, सोबत ग्लुकोजही सोडलं, दर काही मिनिटांनी रक्त तपासत दोन्हींचं प्रमाण जुळवत राहिले, आणि रक्तातली साखर डेसिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅमवर आणून तिथंच दोनेक तास रोखून धरली. व्हायचं ते झालं. घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, सपाटून भूक लागली. मग साखर पूर्ववत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली उतरवली. शरीर तेच, साखर तितकीच, पण आज घाम कमी, धडधड कमी, भूक कमी, रक्तातलं ॲड्रेनॅलिनसुद्धा कमी!

एका दुपारीत! पन्नास वर्षांच्या दुखण्यानं नाही, शिरा झिजून नाही, वय होऊन नाही. फक्त एक दुपार साखर खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी शरीरानं बोंब मारायचं कमी केलं.

हा प्रयोग सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केला, १९९१ साली तो छापून आला. त्यातली चलाखी मला दुसऱ्यांदा वाचताना कळली. याच मंडळींना आणखी एका वेळी दुपारी तेवढंच इन्सुलिन दिलं होतं, पण ग्लुकोज पुरेसं सोडून साखर मुळीच उतरू दिली नव्हती. त्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी लक्षणं जशीच्या तशी आली. म्हणजे दोष इन्सुलिनचा नव्हता. मेंदूनं कमी साखर पाहिली होती आणि ती लक्षात ठेवली होती.

हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला पकडून सांगते आहे. भाजीवाल्या काकूंनाही सांगितलं. त्यांच्या यजमानांना शुगर आहे, त्यामुळे त्यांनी निदान ऐकून तरी घेतलं. वास्तविक मी मराठी शिकवते, विज्ञानाशी माझा संबंध दहावीत सुटला. पण सातारचे आमचे मामा विशीपासून इन्सुलिनवर आहेत, टाइप वन, आणि गेल्या वर्षी त्यांच्या डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, ‘यांना आता हायपो कळत नाहीत.’ कळत नाहीत म्हणजे काय? साखर कमी झालेली माणसाला कळत नाही हे मुळात कसं शक्य आहे? आमच्या लहानपणी मामांना घाम फुटला की आम्ही पोरं पळत जाऊन साखरेचा डबा आणायचो. सगळ्या घराला कळायचं.

सुट्टीत मी मुद्दाम तिथं राहून पाहिलं. मामा ओसरीवर शब्दकोडं सोडवत बसले होते. मामींनी सवयीनं बोट टोचून पट्टी लावली. ४४.

‘मामा, तुम्हाला काही होतंय का?’

‘छे. काय व्हायचंय? पाच अक्षरी शब्द सांग, शेवटी र.’

‘अहो, काही होत नाही म्हणजे?’ मामी ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळत म्हणाल्या. ‘परवा पूजा करताना बाळकृष्ण फ्रीजमध्ये नेऊन ठेवलात, ते कोणी?’

मामांना ते आठवत नव्हतं. बाळकृष्ण दह्याच्या भांड्याशेजारी सापडला होता.

तिथून मी जे वाचत सुटले आहे ते अजून थांबलेलं नाही. आधी हे समजून घ्यावं लागलं की धडधाकट शरीर साखर उतरताना काय करतं, आणि इथंच माझे डोळे विस्फारले. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण आपण नुसते बसून असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दिवसाकाठी शंभर-एकशेवीस ग्रॅम ग्लुकोज. साठा म्हणाल तर जवळजवळ नाही, रक्तातून सतत येत राहिलं पाहिजे. त्यामुळे साखर उतरायला लागली की शरीर एकामागून एक उपाय करत जातं. साधारण ८०-८५च्या आसपास स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आवरतं घेतं. ६५-७०पर्यंत आली की ग्लुकागॉन सुटतं, ते यकृताला साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं, आणि त्याच सुमारास ॲड्रेनॅलिनही वाढतं. पन्नाशीच्या मध्यावर माणसाला स्वतःला जाणवू लागतं: घाम, कापरं, धडधड, भूक. आणि त्याच्याही खाली, ५०च्या आसपास आणि पुढे, खुद्द मेंदूचं काम बिघडायला लागतं. शब्द सापडत नाहीत, जीभ जड होते, उगाच राग येतो, देव फ्रीजमध्ये जातो. आणखी खाली झटके आणि बेशुद्धी.

हा क्रम किती शहाणपणाचा आहे! घाम आणि धडधड आधी, गोंधळ नंतर. म्हणजे डोकं ठिकाणावर असतानाच माणसाला खायची बुद्धी होते. मामांच्या बाबतीत नेमका हाच क्रम उलटलाय. गोंधळ आधी येतो, आणि गोंधळलेल्या डोक्याला आपण गोंधळलोय हे कळायचं कसं?

आणि साखर उतरली हे शरीराला कळतं कोणाकडून? मला वाटायचं स्वादुपिंडाकडून. अंशतः ते खरंही आहे. पण मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, काही चेतापेशी केवळ साखर मोजतात! काही पेशी साखर वाढली की अधिक बोलतात, काही साखर घटली की. त्यांची मोजायची यंत्रणाही बरीचशी तीच, जी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची असते: ग्लुकोज आत येतं, ग्लुकोकायनेज नावाचं विकर त्याला कामाला लावतं, पेशीतली ऊर्जा वाढते-घटते आणि त्यानुसार पोटॅशियमची दारं उघडतात-मिटतात. पोटातल्या एका ग्रंथीत आणि डोक्याच्या आत खोलवर तेच हत्यार! शिवाय यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही अशी मापकं आहेत. मी हे मामींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग एवढी मापकं असून मलाच ग्लुकोमीटर का चालवावं लागतंय?’

तर त्याचं कारण असं. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन शरीराला आवरतं घेता येत नाही, ते कातडीखालून रक्तात येतच राहतं. पहिला उपाय गेला. ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशी शाबूत असतात, पण शेजारचं इन्सुलिन कमी झालं की ‘आता सुटा’ असा जो निरोप त्यांना मिळायचा तो मिळेनासा होतो, आणि काही वर्षांतच साखर उतरल्यावर ग्लुकागॉन सुटणं बंद पडतं. दुसराही गेला. राहिलं ॲड्रेनॅलिन. आणि हेलर-क्रायर यांच्या प्रयोगानं दाखवलं ते हेच की नुकतीच एकदा साखर उतरून गेली असेल तर हे उरलेलं ॲड्रेनॅलिनही मंदावतं. म्हणजे एक हायपो दुसऱ्या हायपोला वाट करून देतो, दुसरा तिसऱ्याला. क्रायरनी या चक्राला एक लांबलचक नाव दिलं, १९९३मध्ये सॅम डॅगोगो-जॅक यांच्यासोबत टाइप वनच्या रुग्णांतही ते दाखवलं, आणि त्या घटकेपासून ‘जुना मधुमेह, नसा गेल्या, आता काय करणार’ हे उत्तर अपुरं ठरलं. नसा गेल्या नव्हत्या. मेंदूनं वागणं बदललं होतं.

टाइप वनच्या प्रौढांपैकी साधारण पाचातल्या एकाला ते इशारे नीट मिळत नाहीत, आणि अशांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येणार नाही असा हायपो होण्याचा धोका सुमारे सहापट असतो. मामा त्या पाचातले एक.

झोपेत तर सगळ्यांचाच प्रतिसाद मंद असतो, म्हणून रात्रीचे हायपो न कळता निघून जातात आणि सकाळचा इशारा आणखी बोथट करून ठेवतात. व्यायामाचंही तसंच. एक दिवस बराच वेळ मध्यम व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी साखर उतरल्यावरचा प्रतिसाद घटतो, आणि एक दिवस साखर उतरली की दुसऱ्या दिवशी व्यायामात शरीर साखर नीट सांभाळत नाही. मामा रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढतात! सगळ्या कॉलनीत त्यांचं कौतुक. त्या कौतुकाच्या दुसऱ्या दिवशी काय चालू असतं हे कोणाच्या गावी नव्हतं.

आता खरी मजा. मेंदू हे करतो तरी कसं? इथं शास्त्रज्ञांची जी भांडणं आहेत ती एखाद्या मालिकेइतकी मी रोज चघळते आहे.

पहिलं उत्तर ऐकताच पटतं. न्यू मेक्सिकोतल्या पॅट्रिक बॉइल यांनी निरोगी माणसांची साखर दोन दिवसांहून अधिक काळ कमी ठेवली, आणि मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातली साखर मोजून मेंदू किती उचलतो ते काढलं. सुरुवातीला साखर उतरल्यावर मेंदूची उचल घटली होती. नंतर तितक्याच कमी साखरेवर ती घटेना! १९९५मध्ये त्यांनी टाइप वनच्या रुग्णांतही पाहिलं: ज्यांची सरासरी साखर सर्वांत ‘चांगली’, जवळजवळ निरोगी माणसाइतकी, त्यांचा मेंदू कमी साखरेतही नेहमीइतकं ग्लुकोज उचलत होता, आणि लक्षणं त्यांनाच सगळ्यांत कमी येत होती. म्हणजे मेंदू टंचाईला तोंड द्यायला जास्त हात पसरायला शिकतो, त्याला टंचाई भासतच नाही, मग तो ओरडेल कशाला? मी आनंदानं टाळीच वाजवली.

आणि मग २००१मध्ये सेंट लुईसच्याच मंडळींनी पेट स्कॅन लावून निरोगी माणसांत पाहिलं तर हायपोनंतर रक्तातून मेंदूत जाणारं ग्लुकोज वाढलेलं दिसेना, मेंदूचा वापरही वाढलेला दिसेना! टाळी परत घ्यावी लागली. मला विचाराल तर हीच या विषयाची गोडी आहे. इतकं सुबक उत्तर, आणि कोणीतरी येऊन म्हणतं, थांबा, मोजून बघू.

दुसरी मंडळी म्हणतात, उपासमार टाळली जाते असं नाही, हुकूमच दाबला जातो. २००८मध्ये वारंवार साखर उतरवलेल्या माणसांच्या मेंदूत थॅलॅमसच्या मधल्या भागातली हालचाल वाढलेली दिसली, तिथून हायपोथॅलॅमसला गप्प केलं जात असावं असा तर्क. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक विलक्षण प्रयोग झाला. निरोगी माणसांची साखर पहिल्या दिवशी उतरवताना त्यांना नॅलॉक्सोन दिलं, अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं औषध. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रतिसाद बोथट झालाच नाही! म्हणजे मेंदूतली स्वतःची अफूसारखी द्रव्यं या शिकण्यात सामील आहेत. संकट आलं, शरीरानं वेदनेवर फुंकर घातली, आणि फुंकर घालता घालता संकटाची आठवणही सौम्य केली. हे वाचून मी तासभर दुसरं काही करू शकले नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या स्टेफनी एमिएल यांच्या गटानं माणसांना स्कॅनरमध्ये ठेवून साखर उतरवली तेव्हा ज्यांना हायपो कळतो आणि ज्यांना कळत नाही त्यांच्यातला एक फरक दिसला तो अमिग्डालाच्या आसपास, भीती आणि अप्रिय गोष्टींशी ज्याचा संबंध आहे त्या भागात. ज्यांना कळत नाही त्यांच्यात तिथला प्रतिसाद फिका होता. मामांचं ‘छे, काय व्हायचंय?’ मला एकदम वेगळं ऐकू आलं. तो हट्ट नव्हता, निदान नुसता हट्ट नव्हता. साखर उतरल्याचं वाईट वाटणंच बंद झालं असेल तर माणूस घाबरेल कशाला? या गटानं पुढे हार्पडॉक नावाचा कार्यक्रम उभा केला, त्यात इन्सुलिनच्या डोसाइतकंच ‘मला काही होत नाही’ या विचारावर मानसशास्त्रज्ञांच्या मदतीनं काम करतात.

आणि स्कॉटलंडमध्ये डंडीचे रॉरी मॅक्क्रिमन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की हे सगळं म्हणजे निव्वळ सवय होणं आहे, चेतासंस्थेचा सर्वांत जुना गुण. तोच तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आला, त्यातून जीव वाचला, की प्रतिसाद कमी करायचा. मामींचं माहेर मिरजेला रेल्वेच्या रुळांलगत. पाहुणे रात्रभर दचकतात, घरच्यांना मालगाडी ऐकूही येत नाही, पण स्टेशनातून वेगळाच भोंगा वाजला की सगळं घर जागं! डंडीच्या मंडळींनी हेच तपासलं. सवय झाली असेल तर एखाद्या नव्या, जोरकस प्रसंगानं ती मोडायला हवी. आधी उंदरांत आणि मग इशारे हरवलेल्या टाइप वनच्या माणसांत त्यांनी एकदाच खूप तीव्र व्यायाम करवला, आणि दुसऱ्या दिवशी साखर उतरवल्यावर ॲड्रेनॅलिन आणि लक्षणं दोन्ही वाढली. आता तुम्ही म्हणाल, आत्ताच तर व्यायामानं प्रतिसाद घटतो असं लिहिलंस! लिहिलं. लांबवर चालणारा मध्यम व्यायाम आणि थोडा वेळ जीव खाऊन केलेला व्यायाम हे मेंदूला एक नाहीत, असं दिसतं. यावर अजून काम चालू आहे, आणि मामांनी हे वाचून किल्ल्याच्या पायऱ्या धावत चढू नयेत म्हणून मी हा परिच्छेद त्यांना दाखवलेला नाही.

या सगळ्यात एक जुना प्रयोग मला सापडला, तो तर अफाट आहे. १९६७मध्ये बोस्टनला ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज केहिल यांनी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन स्थूल माणसांच्या मेंदूतून येणारं रक्त तपासलं, आणि कळलं की मेंदू केवळ साखरेवर जगतो हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य चुकीचं आहे. दीर्घ उपासात मेंदू बरीचशी गरज कीटोन नावाच्या, चरबीपासून बनणाऱ्या द्रव्यांवर भागवतो. त्यावर कडी म्हणजे १९७२मध्ये अर्न्स्ट ड्रेनिक आणि सहकाऱ्यांनी अशाच दोनेक महिने उपाशी माणसांना इन्सुलिन टोचलं. काहींची साखर नऊपर्यंत गेली. नऊ! नव्वद नाही, नऊ. आणि त्यांना काही झालं नाही, ना घाम ना गोंधळ. (आपली एकादशी यात मोजू नका. साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन कीटोन बनत नाहीत. आणि इन्सुलिनवरच्या माणसानं डॉक्टरांना न विचारता निर्जळी करणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा.) मामांच्या मेंदूजवळ कीटोनांची ती शिदोरी नाही, टोचलेलं इन्सुलिन कीटोन बनूच देत नाही. म्हणून त्यांचं ४४ आणि त्या उपाशी माणसांचं नऊ यांची तुलना होत नाही. पण मेंदू किती वाकू शकतो हे पाहून थक्क व्हायला काय हरकत आहे?

वाकतो, पण मोडतो का? मामी मला सारखं हेच विचारत होत्या. तीस-पस्तीस वर्षं साखर वरखाली होते आहे, डोकं कमी होत चाललं असेल का? याचं उत्तर मी शोधून काढलं, आणि ते मामींना फोनवर वाचून दाखवताना माझाच आवाज चढला. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांवरची डीसीसीटी ही गाजलेली चाचणी १९९३मध्ये संपली. तिनं सिद्ध केलं की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात, आणि हेही दाखवलं की त्या काटेकोरपणापायी गंभीर हायपो सुमारे तिपटीनं वाढतात. याच लोकांची स्मरणशक्ती, विचारशक्ती चाचणीच्या सुरुवातीपासून सुमारे १८ वर्षं तपासत राहिले. तेवढ्या काळात गंभीर हायपो झालेल्यांची बुद्धी न झालेल्यांपेक्षा घसरलेली दिसली नाही. मामींनी ‘देव पावला’ म्हटलं. फ्रीजमधला, असं मी म्हणणार होते. पण म्हातारपणी, विशेषतः टाइप टूच्या वृद्धांत, गंभीर हायपो आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळलेला आहे, त्यामुळे गोळ्या घेऊन जेवण टाळणाऱ्या आजोबांना ही बातमी लागू नाही.

तेव्हा सेंट लुईसमध्येच असलेल्या सायमन फिशर यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची गोष्ट याहून चकित करणारी आहे. काही उंदरांची साखर आधी काही दिवस मध्यम उतरवली, काहींची नाही, आणि मग दोन्हींना भयंकर खाली नेलं. आधी सराव झालेल्यांच्या मेंदूतल्या पेशी कमी मेल्या! ज्या बदलामुळे इशारा हरवतो तोच बदल मेंदूला वाचवतोही. मेंदूनं इमानदारीनं स्वतःचं रक्षण केलं होतं. फक्त त्या रक्षणात मामांना सांगायचं राहून गेलं, आणि मामा रोज स्कूटर चालवतात.

या वाचनात माझं मन बसलं ते एका माणसावर. रॉबिन लॉरेन्स. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे तरुण डॉक्टर, स्वतः टाइप वन. इन्सुलिन नव्हतं तेव्हाची गोष्ट. घरच्यांसमोर मरण नको म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. तिकडे टोरांटोत जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं होतं, त्याच वर्षी साखर फार उतरल्यावर काय होतं याची लक्षणंही टोरांटोच्याच डॉक्टरांनी लिहून ठेवली होती. १९२३मध्ये लंडनच्या सहकाऱ्याची तार आली: इन्सुलिन मिळालं आहे, चालतं, लगेच ये. लॉरेन्स मोटार घेऊन निघाले ते युरोप ओलांडून लंडनला पोहोचले, आणि पुढे १९६८पर्यंत जगले! १९३४मध्ये त्यांनी लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत तिथल्या मधुमेहींची संघटना काढली. आणि १९४१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की वर्षं सरतात तशी हायपोची लक्षणं बदलतात, सुरुवातीचे घाम-कापऱ्याचे इशारे मागे पडतात. स्वतःच्या शरीरावर वाचलेलं! अर्ध्या शतकानंतर त्यांच्याच रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत एमिएल यांचा गट त्याच प्रश्नावर बसला.

आणि त्या लंडनकरांनीच १९९४मध्ये जे छापलं ते वाचून मी तडक सातारची एसटी पकडली. कित्येक वर्षांचा मधुमेह, इशारे पूर्ण हरवलेले रुग्ण. त्यांची साखर खाली जाऊच द्यायची नाही, एवढा एकच हट्ट धरला. काही आठवडे एकही हायपो नाही. आणि इशारे परत आले! त्याच्या वर्षभर आधी इटलीत पेरुजाच्या कार्मिने फानेली आणि सहकाऱ्यांनीही तेच दाखवलं होतं, सेंट लुईसमध्येही तेच दिसलं. ग्लुकागॉन परतत नाही, ते गेलं ते गेलं, ॲड्रेनॅलिनही पूर्वीइतकं येईलच असं नाही. पण घाम, धडधड, ‘काहीतरी बिनसलंय’ हे वाटणं परत येतं. पुढे इंग्लंडमधल्या हायपोकॉम्पास चाचणीनं आणखी एक सुखद गोष्ट दाखवली: महागडा पंप असो की साधं इंजेक्शन, सेन्सर असो की बोट टोचणं, हायपो टाळायचा निर्धार आणि त्याचं शिक्षण मिळालं तर फायदा सारखाच.

मामा मात्र अडून बसले. कारण त्यांना तीन महिन्यांच्या सरासरीचा अभिमान. ६.२ टक्के! लॅबवाला पोरगासुद्धा ‘काका, माझीसुद्धा एवढी नसेल’ म्हणतो. डॉक्टरीणबाईंनी समोर कागद ठेवला. ‘काका, ही सरासरी छान दिसते ती खालच्या आकड्यांमुळे. आपल्याला ती थोडी वर न्यायची आहे.’

‘वर? आयुष्यभर तुम्ही लोक खाली आण म्हणून ओरडलात!’

‘ओरडलो. आता काही महिने सत्तरच्या खाली पाऊल टाकायचं नाही.’

मग ते सुरू झालं. दंडावर सेन्सर आला, ८०ला वाजायला लागला. रात्रीच्या इन्सुलिनची काही युनिटं कमी झाली. किल्ला चढायच्या आधी काहीतरी पोटात, आणि रात्री झोपताना पुन्हा बघायचं. मामींचा पेढा बाद झाला, कारण त्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात उशिरा येते. त्याऐवजी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, पंधरा ग्रॅमचा हिशोब, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. स्कूटरला किल्ली लावण्याआधी सेन्सर बघायचा हा नियम मामींनी स्वतः काढला आणि किल्ली कमरेला खोचून तो पाळून घेतला. सरासरी ७.१ आली तेव्हा मामांनी लॅबवाल्या पोराशी बोलणं टाळलं.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत फोन.

‘पोरी, घाम आला!’

‘कसला घाम?’

‘अगं, घाम! पाठ भिजली, हात थरथरतायत, भूक लागलीय बघ कशी! सेन्सर बघायच्या आत मला कळलं! ६३ आहे!’

मी मैदानाच्या मधोमध किंचाळले, पोरं थांबून बघायला लागली. मला हेलर आणि क्रायर, मिरजेचे रूळ, लॉरेन्सची मोटार, सगळं एका दमात मामांना सांगायचं होतं. तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला.

‘अहो, आधी गोळ्या चघळा, मग काय तो फोन करा!’